घरभाडे, हप्ता आणि अकरा महिन्यांचा करार

पुण्यात वारज्यातल्या ज्या टू-बीएचकेत आम्ही भाड्याने राहतो, त्याच्या भाड्याची नोंद मी पहिल्यापासून ठेवत आले आहे. २०१९ मध्ये ते १७,५०० रुपये होते. २०२० च्या टाळेबंदीत आयटीतली मंडळी आपापल्या गावी परतली, इमारतीतले कितीतरी फ्लॅट रिकामे पडले आणि आमच्या घरमालकांनी आपणहून भाडे १६,००० वर आणले. २०२२ मध्ये ते १८,५०० झाले, २०२३ मध्ये एकदम २२,०००, २०२४ मध्ये २४,५०० आणि गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या करारात २७,०००. करारात दरवर्षी पाच टक्के वाढ असे लिहिलेले असायचे; परंतु अकरा महिन्यांचा करार संपला की ते कलमही त्याच्याबरोबर संपते, आणि नवा आकडा ठरतो तो शेजारच्या विंगेतला फ्लॅट नुकताच कितीला गेला त्यावरून. करारातले पाच टक्के आणि प्रत्यक्षातले एकोणीस टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही.

अशा प्रत्येक वाढीनंतर घरातून आणि कार्यालयातून एकच सल्ला मिळतो, की भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे गृहकर्जाच्या हप्त्यात भरा, निदान घर तरी आपले होईल. माझे दीर पुनावळ्याला राहतात आणि त्यांनी २०२१ मध्ये कर्ज काढून घर घेतले आहे. ते तर प्रत्येक सणाला म्हणतात, ‘वहिनी, एवढ्या भाड्यात हप्ता निघाला असता.’ हिशेब लिहिणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मला हे वाक्य नुसते ऐकून सोडून देता येत नाही. पुण्यात एवढ्या भाड्यात तेवढ्याच घराचा हप्ता निघत नाही. निघत असता तर भाड्याने राहणारे निम्मे लोक आज कर्जदार असते.

आमच्याच इमारतीत, आमच्याच आकाराचा एक फ्लॅट अलीकडे ८५ लाखांना विकला गेला, म्हणून त्याचाच हिशेब मांडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ८० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे इथे ६८ लाख. उरलेले १७ लाख आपले. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात, ते झाले ५ लाख ९५ हजार. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर १ टक्का सवलत आहे, पण नवराबायको दोघांच्या नावे घेतले की ती मिळत नाही. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार, तेवढे धरायचेच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी बँक या कर्जात एक रुपयाही धरत नाही. एकूण सव्वातेवीस लाख रुपये रोख हाताशी असतील तर पहिल्या हप्त्याची गोष्ट करायची. एजंटचा एक टक्का, बँकेचे प्रक्रिया शुल्क, पडदे, कपाटे आणि स्वयंपाकघरातली ट्रॉली हे अजून मी लिहिलेलेच नाही.

६८ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता ५६,८७८ रुपये येतो. भाडे २७,०००, म्हणजे हप्ता दुपटीहून जास्त. पण खरे पाहता भाड्याची तुलना हप्त्याशी करणेच चुकीचे आहे, कारण हप्त्यात दोन वेगळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४५,३३३ रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दलात फक्त ११,५४५ रुपये वळते होतात. मुद्दलाची रक्कम ही बचतच आहे, ती खर्चात धरू नये. व्याज मात्र भाड्याइतकेच गेलेले असते, फरक इतकाच की ते घरमालकाऐवजी बँकेला जाते. तेव्हा भाड्यासमोर ठेवायचे ते व्याज, अधिक आपण घातलेल्या सव्वातेवीस लाखांवर मुदतठेवीत साडेसहा टक्क्यांनी मिळू शकले असते ते दरमहा साडेबारा हजार, अधिक सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजार, अधिक मिळकतकर आणि किरकोळ दुरुस्तीचे म्हणून दीड हजार. ही बेरीज ६३ हजारांच्या जवळ जाते. त्यातून भाड्याचे २७ हजार वजा केले तर मालक होण्यासाठी पहिल्या वर्षी दरमहा ३६ हजार, म्हणजे वर्षाला सुमारे ४ लाख ३२ हजार रुपये जास्त पडतात. ही रक्कम ८५ लाखांच्या पाच टक्क्यांहून किंचित अधिक भरते.

या आकड्याचा अर्थ मला असा दिसतो, की घराची किंमत सुरुवातीच्या काळात दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढली तर घेणारा आणि भाड्याने राहणारा साधारण बरोबरीत राहतात. त्याहून जास्त वाढली तर घेणारा पुढे, कमी वाढली तर मागे. पुण्यात हे दोन्ही होऊन गेले आहे. नोटाबंदीपासून कोविडपर्यंतच्या काळात बऱ्याच उपनगरांतले भाव जवळजवळ जागच्या जागी होते आणि तेव्हा घर घेऊन बसलेल्यांना ते विकताना मुद्रांक शुल्कही सुटले नाही. त्यानंतरच्या वर्षांत ज्यांनी घेतले होते त्यांचे मात्र भले झाले. ‘घराची किंमत कधीच कमी होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी महागाई वजा करून ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहावे.

कराच्या बाबतीत पूर्वी दोन्ही बाजूंना थोडा टेकू होता; भाडेकरूला घरभाडे भत्त्याची वजावट आणि कर्जदाराला दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी यातले काहीच मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार आता तिकडेच गेले असल्यामुळे हा मुद्दा मी हिशेबाबाहेर ठेवते.

घर घेणाऱ्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा भाडेवाढीचाच आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भाडे दरसाल सात टक्क्यांनी वाढत गेले तर आजचे २७ हजार साधारण अकरा वर्षांनी हप्त्याची बरोबरी करतील आणि त्यापुढे भाडेकरू जास्त भरत राहील. वीस वर्षांनी कर्ज फिटलेले असेल तेव्हा कर्जदाराचा हप्ता शून्य आणि भाडेकरूचे भाडे एक लाखाच्या पुढे. तेव्हा माझे वय साठीच्या पलीकडे असेल आणि पगार थांबलेला असेल. या चित्राकडे मी डोळेझाक करत नाही. आम्हालाही घर घ्यायचेच आहे. वाढ पाच टक्क्यांच्या आत राहिली तर मात्र हीच बरोबरी व्हायला पंधरा वर्षे लागतात. सारा प्रश्न वाढीच्या वेगाचा आहे, आणि तो वेग कोणाच्या हातात आहे याची चर्चा फारशी होत नाही.

हप्ता स्थिर असतो, असे समजून आपण बोलतो. दिरांनी २०२१ च्या मध्याला ५० लाखांचे कर्ज पावणेसात टक्क्यांनी घेतले, हप्ता ३८,०१८ रुपये, मुदत २० वर्षे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची, म्हणजे वेळोवेळी व्याज बदलणारी, गृहकर्जे बाह्य मानकाशी, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या एखाद्या दराशी, जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी ती रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्याच्याशी, जोडली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला आणि त्यांचा दर सव्वानऊ झाला. त्या सुमारास त्यांचे ४८ लाख बाकी होते. या रकमेवर सव्वानऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच ३७,००० रुपये होते; हप्ता तेवढाच ठेवला तर मुद्दलात जेमतेम एक हजार जात होते. त्या गतीने कर्ज फिटायला आणखी ३९ वर्षे लागली असती. उरलेल्या १८ वर्षांतच फेडायचे तर हप्ता ४५,७०० च्या घरात जात होता. बँकेकडून आलेल्या संदेशात मुदत वाढल्याचा उल्लेख एका ओळीत होता. तो पाहून ते कर्जाचे विवरणपत्र घेऊन आमच्याकडे आले, आणि आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर रकान्यामागून रकाना तपासला, तेव्हा कुठे त्यांना कळले की गेले काही महिने मुद्दलाचा रकाना जवळपास आटलेला आहे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ठरवण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले ते ऑगस्ट २०२३ मध्ये.

३८,००० चे ४५,७०० म्हणजे वीस टक्के वाढ. त्याच सुमारास आमचे भाडे १८,५०० वरून २२,००० झाले होते, म्हणजे एकोणीस टक्के. एका घरातले दोन संसार, एकाचे भाडे आणि एकाचा हप्ता, एकाच काळात जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढले, आणि तरीही त्या वर्षी दिवाळीला सल्ला मात्र आम्हालाच मिळाला. अर्थात त्यांच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. २०२५ मध्ये फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो सव्वा टक्क्याने उतरला आणि त्यांचा दर खाली आला. भाडे एकदा वर गेले की ते टाळेबंदीवाचून उतरत नाही. शिवाय हाताशी बोनस आला की ते कर्जाच्या मुद्दलात भरू शकतात, आणि तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना लावता येत नाही. भाडे आगाऊ भरून कायमचे कमी करून घेण्याची सोय नाही.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येते. भाडे वाढले की माणूस घर घेण्याकडे वळतो, असे सगळे गृहीत धरतात. माझ्या वहीतले आकडे उलटे सांगतात. २०२३ ते २०२५ मध्ये आमचे भाडे महिन्याला पाच हजारांनी वाढले, म्हणजे वर्षाकाठी साठ हजार रुपये कमी साठले. त्याच काळात घराचा भाव वर्षाला नुसता पाच टक्क्यांनी चढला असे धरले, तरी ८५ लाखांवर सव्वाचार लाख वाढतात आणि आपल्याला रोख भरावयाच्या वाट्यात वर्षाला सुमारे एक लाख पंधरा हजारांची भर पडते. साठवण्याची ताकद कमी होते आणि साठवायची रक्कम वाढत जाते. पन्नास-पंचावन्न हजारांचा हप्ता दोन पगारांत कसाबसा बसवता येईल अशी बरीच कुटुंबे आमच्या ओळखीत आहेत. अडते ते सव्वातेवीस लाखांपाशी. ज्यांच्या वडिलांनी गावाकडची जमीन विकली किंवा भविष्य निर्वाह निधीतून मोठी रक्कम काढून दिली त्यांची घरे झाली, बाकीचे भाड्याच्या घरांत राहिले, आणि या दोन गटांच्या पगारांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून ‘भाडे की हप्ता’ हा वाद मला पगारदार तरुणांच्या बाबतीत बराचसा पोकळ वाटतो. ज्याच्यापाशी रोख वाटाच नाही त्याच्यापुढे निवड नसते. त्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असा, की भाडे किती वेगाने वाढणार आणि पुढच्या वर्षी याच घरात राहता येईल का.

घरमालक लुटतात असेही मी म्हणणार नाही. आमच्या घरमालकांच्या बाजूने पाहिले तर वर्षाचे ३ लाख २४ हजार भाडे हे ८५ लाखांच्या मालमत्तेवर पावणेचार टक्के होते. मेंटेनन्स तेच भरतात. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर जाते, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्कही आकारते. सगळे जाऊन हाती तीन टक्के राहतात. मुदतठेव याहून दुप्पट देते. एवढ्या कमी परताव्यावर घर भाड्याने देणारा माणूस बाजारात संधी दिसली की भाडे वाढवणार, यात नवल नाही. वाढ करण्याची संधी त्याला दर अकरा महिन्यांनी मिळावी, याला मात्र आता काही कारण उरलेले नाही.

अकरा महिने आले कुठून, हे पाहण्यासारखे आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणे सक्तीचे होते, आणि नोंदणी टाळायची म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवण्याचा रिवाज देशभर पडला. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना), तो लेखी करून नोंदवणे बंधनकारक केले, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावर टाकली. म्हणजे अकरा महिने ठेवून इथे वाचते काय, तर काहीच नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत त्याच दराने करता येते. तरीही बहुतेक करार अकरा महिन्यांचेच होतात. नवा करार म्हटला की एजंटला कागदपत्रांचे पैसे, काही ठिकाणी पुन्हा दलाली, आणि घरमालकाला नवा आकडा. फक्त भाडेकरूच्या पदरात काही पडत नाही.

घरमालकांच्या मनातल्या भीतीला मात्र जुना आधार आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात परवान्याने राहत असलेल्यांना थेट संरक्षित भाडेकरू करून टाकले. मुंबईत आणि पुण्याच्या पेठांमध्ये त्यामुळे घरे गमावलेली कुटुंबे आहेत, आणि ‘जास्त दिवस राहू दिले की घर गेले’ हे त्यांनी पुढच्या पिढीला सांगून ठेवले आहे. आजचा कायदा तसा नाही. लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई घेता येते, करार अकरा महिन्यांचा असो की साठ महिन्यांचा.

गेल्या वर्षी करार संपत आला तेव्हा मी हे सगळे आमच्या घरमालकांपुढे मांडले. ते निवृत्त आहेत, साताऱ्याला असतात. ‘काका, दर वर्षी घासाघीस करण्यापेक्षा तीन वर्षांचा करार करू या,’ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘अहो, तीन वर्षं घर अडकून पडायचं, आणि मुलगा बंगळूरहून परत आला तर?’ शंका रास्त होती. शेवटी ३६ महिन्यांचा करार झाला. पहिल्या वर्षी २७,०००, मग दरवर्षी सहा टक्के, म्हणजे २८,६२० आणि ३०,३३७. पहिले बारा महिने दोघांनीही करार मोडायचा नाही. त्यानंतर आम्ही दोन महिन्यांची आणि त्यांनी चार महिन्यांची सूचना द्यायची, आणि शाळेचे वर्ष चालू असताना घर रिकामे करायला सांगायचे नाही. बदल्यात डिपॉझिट पाऊण लाखाचे एक लाख झाले आणि घर सोडताना रंगाचा खर्च आमच्याकडे आला. रंगाचे कलम मला अजूनही जाचक वाटते, पण त्यांना काहीतरी मिळायला हवे होते.

मुद्रांक शुल्क सुमारे २,७०० आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये आले. अकरा महिन्यांचे तीन करार केले असते तर सरकारी खर्चच साडेपाच हजारांच्या आसपास गेला असता आणि एजंटचे मानधन तीनदा. अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आलेल्या एजंटने मसुदा लॅपटॉपवर दाखवला, तेव्हा त्यात मुदत ३६ महिने झाली होती खरी, पण खाली छापील नमुन्यातले जुने कलम तसेच होते: कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. ते राहिले असते तर वरच्या तीन वर्षांना काही अर्थ नव्हता. दीर्घ मुदतीचा करार करू पाहणाऱ्यांनी भाड्याच्या आकड्याआधी ते कलम शोधावे. आम्ही ते तिथल्या तिथे बदलून घेतले, काकांना फोनवर नवा मजकूर वाचून दाखवला, आणि मगच अंगठा लावला.